त्या सिनेमातली काकूबाई

सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं आधीच वैतागलेली असतात. चहा नाही, नाश्ता नाही, वर सुई. मुलुंडच्या त्या लॅबमध्ये अशा माणसाचा दंड बांधून गंधाली मेस्त्री शीर शोधत असते, तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे बघता बघता त्याचे डोळे बारीक होतात. पुढे काय येणार हे तिला तेव्हाच कळतं.

"मॅडम, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय."

"मूठ घट्ट धरा," ती म्हणते.

तो मूठ घट्ट धरतो, पण डोकं चालूच ठेवतो. कापूस लावून हात दुमडेपर्यंत त्याची ट्यूब पेटते. "अरे! 'फुल टू ग्रुप'मधली काकूबाई ना तुम्ही? 'अय्या, मी पण येऊ?'" मग रांगेतले बाकीचेही माना वर करतात आणि हसतात. लॅबचा मालक हर्षद, त्याला तर याचं भारी कौतुक. कोणी फारच घाबरट आला की तो आतूनच ओरडतो, "गंधाली, जरा डायलॉग मार ना, काकांना टेन्शन आलंय." गंधाली डायलॉग मारते. काका हसतात, सुई जाते. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय आणि सगळ्यांचं म्हणणं असं, की या बाईचा स्वभाव किती खेळकर.

सिनेमा आला तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि आडनाव घाडी होतं. घाटकोपरला भटवाडीत चाळीतली खोली. वडील सीताराम घाडी आधी गिरणीत, गिरणी गेल्यावर अंधेरीच्या एका ऑफिसात लिफ्टमन. आई रत्नप्रभा मालवणकडची. ती रोज सकाळी लेकीला पुढ्यात बसवून गावच्या घाण्यावरचं खोबरेल तिच्या डोक्यावर थापायची आणि दोन वेण्या अशा करकचून घालायची की पोरीच्या भुवया वर ओढल्या जायच्या. कपाळावर टिकली, गुडघ्याच्या बरंच खाली येणारा गणवेश. मराठी शाळेत थोड्याफार फरकाने सगळ्याच मुली तशा होत्या, त्यामुळे आपण कशा दिसतो हा प्रश्न गंधालीला कधी पडलाच नव्हता.

मग एक दिवस शाळेत सिनेमावाले आले. त्यांना मागे उभं राहायला पोरंपोरी हव्या होत्या. केयूर नावाचा दिग्दर्शक, डोक्यावर उलटी टोपी, रांगेवरून नजर फिरवत चालला होता तो गंधालीपाशी थबकला. "ही! हीच पाहिजे मला." मेकअपमन पेटी घेऊन पुढे आला, तर त्याला हाताने थांबवत केयूर म्हणाला, "अरे, हिला मेकअपची गरजच नाही. आहे तशी घ्या."

पोरीने हे वाक्य जपून घरी आणलं. रत्नप्रभाने ते तासाभरात चाळभर केलं. "माज्या चेडवाक मेकपाची गरज नाय, असा खुद्द सायेब म्हणालो!" सिनेमाची नटी जान्हवी, तिला म्हणे आरशासमोर निम्मी सकाळ बसावं लागायचं, आणि घाड्यांच्या पोरीला साधी पावडर नको. सीतारामने लिफ्टमध्ये चढणाऱ्या साहेबलोकांनाही ही बातमी दिली. साहेबांनी मजल्याच्या आकड्याकडे बघत 'वा वा' केलं. भोळेपणाला औषध नसतं, आणि भोळ्या माणसांना ते कोणी आणूनही देत नाही.

ज्यांनी 'फुल टू ग्रुप' पाहिला नाही असे फार नसतील, तरी सांगून टाकते. एक भलीमोठी शाळा, जिच्यात कोणी कधी अभ्यास करत नाही. त्या शाळेत चार जणांचा एक ग्रुप: पैसेवाला, बास्केटबॉलवाला, फॅशनवाली आणि तिची शेपूट. हे चौघं कॉरिडॉरमधून चालायला लागले की पंखे नसताना त्यांचे केस उडतात. बाकीची शाळा त्यांच्याकडे बघत उभी. त्यात साध्या घरातली नवी मुलगी येते, ती जान्हवी. चष्मा काढते, केस मोकळे सोडते, ग्रुपमध्ये शिरते, जुन्या मैत्रिणीला विसरते, मग पस्तावते आणि शेवटी स्टेजवर चढून सगळ्या शाळेला सांगते, की इथे कोणी हिरो नाही, कोणी झिरो नाही, आपण सगळे सारखे. ती विसरलेली जुनी मैत्रीण म्हणजे गंधाली. सिनेमात तिला नावच नव्हतं. पटकथेत 'काकूबाई' लिहिलं होतं आणि सेटवरही सगळे तेच म्हणत. तिचं काम एवढंच: ग्रुप कुठेही निघाला की हातात डबा घेऊन बाजूने उगवायचं आणि विचारायचं, "अय्या, मी पण येऊ?"

सगळे सारखे, हे वाक्य ज्या दिवशी चित्रित झालं त्या दिवसाची गोष्ट गंधालीने कित्येक वर्षं कोणालाच सांगितली नव्हती. भाषण संपल्यावर जान्हवीने स्टेजवरून उतरून काकूबाईला घट्ट मिठी मारायची असं ठरलं होतं. गंधालीला आदल्या रात्री झोप लागली नव्हती. सेटवर ते चौघं आणि जान्हवी व्हॅनमध्ये बसत आणि ती भाड्याने आणलेल्या पोरांबरोबर मांडवात, त्यामुळे जान्हवीशी तिचं कामापलीकडे एक अक्षर बोलणं झालं नव्हतं. आता ती जवळ घेणार होती. रत्नप्रभाने त्या दिवशी तेल जरा जास्तच लावलं, पोर उजळून दिसावी म्हणून. आणि मिठीच्या वेळी कपडेपटवाली मध्ये पडली. "सर, ड्रेसला तेल लागेल. हा एकच पीस आहे." पाच मिनिटं कुजबुज झाली. मग मांडवातल्या एका मुलीला कोरड्या केसांचा दोन वेण्यांचा टोप घातला, गंधालीचा गणवेश तिला चढवला आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून उभं केलं. जान्हवीने तिला मिठी मारली, डोळ्यांतून पाणी काढलं, सगळ्या युनिटने टाळ्या वाजवल्या. गंधाली दुसऱ्या कोणाचा तरी सलवार-कुर्ता घालून वायरींच्या मागे उभी होती. तिनेही टाळ्या वाजवल्या, कारण सगळेच वाजवत होते.

सिनेमा लागला तेव्हा चाळीने मिळून रविवारचा शो काढला. दोन रांगा भरून माणसं. जान्हवी आल्यावर शिट्ट्या झाल्या. मग कँटीनचा सीन आला, ग्रुप उठून निघाला आणि बाजूने दोन तेलकट वेण्या पडद्यावर आल्या. "अय्या, मी पण येऊ?" सिनेमाच्या संगीतात पों करून एक भोंगा वाजला आणि अख्खं थिएटर खो खो हसलं. गंधालीने वळून मागे पाहिलं. तिला वाटलं, मागे कोणाचं तरी काहीतरी झालं. चाळीतली माणसंही हसत होती, मायेने हसत होती, पण हसत होती. आपण विनोद केला नव्हता हे तिला पक्कं ठाऊक होतं. केयूर सरांनीच बजावलं होतं, की अगदी मनापासून विचार, तुला खरंच त्यांच्याबरोबर जायचंय. तिने मनापासूनच विचारलं होतं. खोटं कशाला सांगायचं, तिला खरंच जायचं होतं.

पुढच्या दोन तासांत ती पडद्यावर जितक्या वेळा आली तितक्या वेळा भोंगा वाजला. शेवटी मिठी आली तेव्हा रत्नप्रभाने पदर डोळ्यांना लावला. "बग गो, कसा मायेन पोटाक धरल्यान तुका." गंधाली "हो" म्हणाली. एकटा सीताराम पूर्ण सिनेमाभर हसला नाही. बाहेर आल्यावर त्याने लेकीला भेळ घेऊन दिली आणि तिने ती खाल्ली.

सोमवारी शाळेत ती वर्गात पाऊल टाकते तोच मागच्या बाकावरून भोंगा आला. मग तो थांबलाच नाही. मधल्या सुट्टीत, शिकवणीला, बाजारात, भटवाडीच्या चढावर. ज्या मुली त्याच तेलाच्या वेण्या घालून तिच्या शेजारी बसत त्या वेण्या सोडून शाळेत यायला लागल्या. तिच्यामुळे त्यांना आरसा दिसला होता आणि त्याचा राग त्या तिच्यावरच काढत होत्या. एका सकाळी तिने आईच्या हातातली तेलाची वाटी बाजूला सारली. रत्नप्रभाला ते फार लागलं. "ज्या तेलान तुका सिनेमात घेतल्यानी, ता तेल आता वास मारता?" आईला खरं सांगायचं तर आईच्याच बोटांना नावं ठेवावी लागली असती. पोर उठली आणि एकटीच जाऊन केस कापून आली.

त्या कापलेल्या केसांनिशी ती एकदा अंधेरीला दुसऱ्या एका सिनेमासाठी गेलीही. कागदावर 'वर्गातली मुलगी' एवढंच काम होतं. निवड करणाऱ्या माणसाने तिला वर-खाली पाहिलं. "काकूबाई तूच ना? मग हे काय करून ठेवलंस? अशा तर इथे पन्नास बसल्यात." वेण्या परत आल्या तर फोन कर, म्हणाला. तिने केला नाही. तेल होतं तेव्हा मिठी मिळाली नाही, तेल गेलं तेव्हा काम मिळालं नाही. दहावी झाली, बारावी झाली, मग लॅबचा कोर्स केला आणि सुया टोचायला लागली.

स्थळं येऊ लागली तेव्हाही तेच. मुलगा बोलायला लागायचा आणि त्याची बहीण तोंडावर हात धरून फिदीफिदी करायची. राजेश मेस्त्रीने सिनेमा पाहिला नव्हता, हीच त्याची सगळ्यात मोठी लायकी होती. तो अंधेरीला एमआयडीसीत सुपरवायझर, घर मुलुंडला. लग्नानंतर सिनेमा टीव्हीवर लागला तेव्हा त्याने पाहिला, हसला, मग बायकोचं तोंड बघून घाईघाईने रिमोट शोधायला लागला. माणूस वाईट नव्हता.

मुलगी झाली. इरावती. तिच्या डोक्याला गंधालीने कधी तेलाचं बोट लावलं नाही. इंग्रजी शाळा, खांद्यापर्यंत कापलेले केस, चष्मा लागला तर फ्रेम महागातली. या पोरीने आयुष्यात कोणाला 'मी पण येऊ' विचारायची वेळ येऊ नये, एवढाच तिचा नवस होता. सिनेमाबद्दल घरात बोलणं नव्हतं. रविवारी दुपारी कुठल्या चॅनेलवर लागलाच तर गंधाली भांडी टाकून चॅनेल बदलायला यायची.

पण देवाचा न्याय बघा. ना तेल, ना वेण्या, सगळं कसं अगदी नीटनेटकं, आणि तरी आठवीत गेल्यावर इरावती एकटी पडली. शाळेत आणि बिल्डिंगमध्ये मायरा नावाच्या मुलीचा ग्रुप होता. पाच-सहा जणी. वाढदिवस एकत्र, जुहूला फिरायला एकत्र, एकसारखे बूट. इरावती त्यांच्या फोटोंना रात्री पांघरुणात लाईक करत बसायची, आणि त्यांच्यातली एकही तिच्या फोटोला करायची नाही. तिच्याबरोबर असायची ती पाचव्या मजल्यावरची श्रुतिका, जाडसर, शांत, सगळं उशिरा समजणारी मुलगी. तिचे आईवडील अकोल्याकडून आलेले, वडील बँकेत. दोघी डबा एकत्र खायच्या. "मला तीच मिळते," इरावती एकदा रडत म्हणाली, "कारण दुसरं कोणी मिळत नाही." गंधालीने लेकीला कुशीत घेतलं.

तेवढ्यात सिनेमा परत लागला. आजकाल जुने सिनेमे पुन्हा थिएटरात आणायची टूम निघाली आहे, त्यात 'फुल टू ग्रुप'चाही नंबर आला. जे तेव्हा शाळेत होते ते आता आपापली पोरं घेऊन गेले. जान्हवीच्या मुलाखती झाल्या, त्या चौघांचा एकत्र फोटो झाला. गंधालीला कोणी बोलावलं नाही. पण 'अय्या, मी पण येऊ' मोबाईलवर सुटलं. त्या आवाजावर तोंड हलवून पोरी व्हिडिओ करायला लागल्या. लॅबमध्ये आता तरुण पेशंटही डोळे बारीक करायला लागले.

एका संध्याकाळी इरावती धावत घरात आली. गाल लाल. "मम्मा! ती तू आहेस? ती काकूबाई तू? मला का नाही सांगितलंस कधी? मायरा स्वतः माझ्याशी बोलली! म्हणाली, तुझी मॉम लेजेंड आहे यार!" वर्षभरात पोरीचा चेहरा असा फुललेला गंधालीने पाहिला नव्हता. ती धास्तावली आणि त्याच वेळी तिला बरंही वाटलं. दोन्ही खरं होतं.

सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा असते. सकाळी झेंडा, दुपारी पूजा, संध्याकाळी करमणूक आणि सत्कार. कोणाचा मुलगा सीए झाला, कोणी निवृत्त झालं, की शाल-श्रीफळ. सेक्रेटरी भाऊराव हे सगळं हौसेने करतात. यंदा ते खास घरी आले. "वहिनी, यंदा सत्कार तुमचा. नाही म्हणायचं नाही. एवढी मोठी कलाकार आपल्या बिल्डिंगमध्ये आणि आम्हाला पत्ता नाही, म्हणजे काय?" गंधाली नाही म्हणणार होती. तोंड उघडलं होतं. पण भाऊरावांच्या मागे इरावती उभी होती आणि तिचे दोन्ही हात जोडलेले होते. ती आवाज न करता म्हणत होती, प्लीज.

गंधाली हो म्हणाली. तिला वाटलं, निदान एकदा शाल पांघरून, नाव घेऊन, चारचौघांत मान मिळेल. बावीस-तेवीस वर्षांनी का होईना.

सव्वीसला सकाळी झेंड्यासाठी खाली उतरली, तर गेटवर फ्लेक्स. दहा फुटी. तीच पोर, तेच तेलकट केस, हातात डबा. वर जाड अक्षरांत, 'आमच्या बिल्डिंगची लाडकी काकूबाई हिचा जाहीर सत्कार'. खाली बारीक अक्षरांत, 'सौ. मेस्त्री, बी विंग'. गंधाली हा शब्द कुठेच नव्हता. भाऊराव जवळ येऊन म्हणाले, "कसा झालाय? फोटो शोधायला केवढा त्रास पडला! पण म्हटलं, खर्चाकडे बघायचं नाही." त्या माणसाच्या तोंडावर नुसतं प्रेम होतं. शिवी दिली तर माणूस उलट शिवी देऊ शकतो, पण अशा प्रेमापुढे करायचं तरी काय? ती म्हणाली, "छान झालाय."

संध्याकाळी शाल झाली, नारळ झाला. मग भाऊरावांनी माईक तिच्या हातात दिला आणि खालून सगळी बिल्डिंग ओरडली, "डायलॉग! डायलॉग!" पहिल्या रांगेत मायराचा ग्रुप मोबाईल धरून बसला होता, आणि त्यांच्या मधोमध, खुर्ची ओढून घेऊन, इरावती. श्रुतिका मागे आईपाशी. गंधालीने मुलीकडे पाहिलं आणि मान वाकडी करून, आवाज बारीक करून म्हणाली, "अय्या, मी पण येऊ?" मांडव फुटला. कोणीतरी तोंडाने भोंगा वाजवला. पहिल्या रांगेत मायराने इरावतीच्या गळ्यात हात टाकला.

"वहिनी, तेव्हा वाईट नाही वाटायचं का हो? सगळे हसायचे तर?" भाऊरावांनी विचारलं. सहज विचारलं, पण खरा प्रश्न विचारला. उभ्या आयुष्यात हे तिला पहिल्यांदाच कोणीतरी विचारत होतं. माईक हातात होता. सांगायचं तर आत्ताच होतं.

आणि ती हसून म्हणाली, "छे हो, वाईट कसलं? खूप मजा आली मला. हसतं खेळतं राहायचं, मनावर घ्यायचं नाही. सगळे मला अगदी घरच्यासारखं वागवायचे. जान्हवीने तर किती प्रेमाने जवळ घेतलं, तुम्ही पाहिलंच असेल." टाळ्या वाजल्या. बायकांमधून कोणीतरी म्हणालं, याला म्हणतात मोठं मन.

त्या दिवसापासून इरावती ग्रुपमध्ये गेली. जुहूला गेली, मायराच्या वाढदिवसाला गेली, एकसारखे बूट आणले. सकाळी गाणं म्हणत दात घासायला लागली. गंधाली तिच्याकडे बघायची आणि मनात म्हणायची, चला, माझं जे झालं ते झालं, पोरीचं तर भलं झालं. एवढ्यासाठी आणखी दहा वेळा डायलॉग मारला असता. मारलाही. मायराच्या वाढदिवसाला मागवलेल्या पिझ्झाच्या खोक्यांमध्ये उभं राहून मारला.

फेब्रुवारीतली एक दुपार. गंधाली लॅबमधून परत येत होती. कंपाऊंडमध्ये ग्रुप बॅडमिंटन खेळत होता. जिन्यातून श्रुतिका रॅकेट घेऊन उतरली आणि त्यांच्यापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "इरा, मी पण खेळू?"

ग्रुपने इरावतीकडे पाहिलं. इरावतीने मान वाकडी केली, बोटं हनुवटीला लावली आणि हेल काढून म्हणाली, "अय्याऽऽ, मी पण येऊ?" अगदी हुबेहूब, आईचंच रक्त. बाकीच्यांनी भोंगा वाजवला. एकीने मोबाईल काढला. श्रुतिकाही हसली आणि रॅकेट पाठीमागे धरून जिन्याकडे वळली.

गंधालीने इरावतीला दंडाला धरून वर आणलं.

"काय म्हणालीस तू तिला?"

"जोक होता, मम्मा."

"तिला लागलं असेल."

"काही नाही लागलं! ती पण हसली, तू बघितलंस ना? आणि तूच बोललीस स्टेजवर, मनावर घ्यायचं नाही, मजा असते. तुला मजा आली, मग तिला का नाही येणार?"

गंधाली सोफ्यावर बसली. अंगात लॅबचा पांढरा कोट तसाच होता. ती म्हणाली, "मला नव्हती मजा आली. एकदाही नाही. खोटं बोलले मी." आणि मग तिने सगळं सांगितलं, भोंगा, तेल, दुसऱ्या मुलीला मारलेली मिठी, सगळं. आईलाही न सांगितलेलं ती तेरा वर्षांच्या लेकीला सांगत होती.

इरावतीने सगळं ऐकलं. तिचे डोळे भरले होते, नाही असं नाही. मग ती हळूच म्हणाली, "मम्मा, हे तू मायराला नको ना सांगूस. प्लीज. त्यांना तू कूल वाटतेस."

गंधाली उठली, चपला घातल्या आणि पाचव्या मजल्यावर गेली.

दार श्रुतिकाच्या आईने, सपनाने उघडलं. गंधालीने उंबऱ्यातच हात जोडले. म्हणाली, "माझ्या मुलीने आज श्रुतिकाची टर उडवली. मी माफी मागायला आलेय." सपनाने तिला ओढूनच आत घेतलं. "अहो ताई, माफी कसली? बसा तुम्ही आधी. पोरींचं चालायचंच. आली तेव्हा जरा रडत होती, पण मी तिला सांगितलं, मेस्त्रीकाकूंकडे बघ. अख्खा महाराष्ट्र हसला त्यांना, पण त्यांनी कधी तोंड वाकडं केलं का? तू पण तसंच हसून सोडून द्यायला शीक. त्या दिवशी स्टेजवर तुम्ही किती छान बोललात! मी हिला रोज तुमचंच उदाहरण देते." तिने आत हाक मारली, "श्रुती, बाहेर ये गं, कोण आलंय बघ. काकूंना दाखव, शिकलीस की नाही."

श्रुतिका बाहेर आली. डोळे सुजलेले, नाक लाल. आईने सांगितल्याप्रमाणे ती गंधालीकडे बघून हसली. सपना कौतुकाने म्हणाली, "बघा," आणि चहा टाकायला आत गेली.

खोलीत दोघीच उरल्या. पोर अजून हसतच होती. थांबायचं कधी ते तिला कोणी सांगितलं नव्हतं.

"हसू नकोस गं," गंधाली म्हणाली. "मला नव्हतं हसू येत. कधीच नाही आलं. मी स्टेजवर खोटं बोलले. तू नको हसूस."

श्रुतिकाचं हसू गेलं. मग आतल्या आईचा कानोसा घेत, दबक्या आवाजात तिने विचारलं, "मग काय करू, काकू?"

खरंच विचारत होती. उत्तर मिळेल म्हणून वाट बघत होती. गंधालीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं, की या प्रश्नाचं उत्तर तिला ठाऊक नाही. ठाऊक असतं तर एवढी वर्षं ती स्वतः हसत बसली असती का? सपना चहा घेऊन आली. गंधालीने कप घेतला, आणि "साखर बरोबर आहे ना?" असं सपनाने विचारल्यावर मान डोलावली.